एएस/४०० वर ग्रुप बाय अडला की कुठून बघायला सुरुवात करायची

क्वेरी लिहून एंटर मारला आणि स्क्रीनच्या तळाला एक ओळ आली, "कॉलम ऑर्डतारीख ऑर एक्स्प्रेशन इन सिलेक्ट लिस्ट नॉट व्हॅलिड". एएस/४०० या आयबीएमच्या बिझनेस कॉम्प्युटरवर, म्हणजे आजच्या भाषेत आयबीएम आय वर, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ कधी ना कधी भेटतेच. मेसेज नंबर एसक्यूएल०१२२, एसक्यूएल कोड वजा १२२, एसक्यूएल स्टेट ४२८०३. नव्या मुलांना मी हे इतक्या वेळा समजावून सांगितलंय की म्हटलं आता एकदाच सगळं लिहून ठेवावं. (क्वेरी इथं देवनागरीत लिहिल्यात, स्क्रीनवर त्या इंग्रजीतच टाकायच्या, आणि फाइल-फील्डची नावं तुमच्याकडं जी असतील ती घाला.)

आधी मेसेज नीट वाचायची सवय लावा. एसटीआरएसक्यूएल (टर्मिनलवर एसक्यूएल मारायची कमांड) मध्ये असाल तर कर्सर त्या तळाच्या ओळीवर न्या आणि एफ१ दाबा. आत दुसऱ्या पातळीचा मजकूर उघडतो, त्यात कारण आणि उपाय दोन्ही दिलेले असतात. बरेच जण फक्त वरची एक ओळ वाचतात, क्वेरी परत परत बदलून बघतात आणि अर्धा तास घालवतात. एसीएस (आयबीएमचं पीसीवरचं ॲक्सेस क्लायंट सोल्यूशन्स) मधल्या रन एसक्यूएल स्क्रिप्ट्स मध्ये तोच मजकूर खालच्या मेसेजच्या भागात येतो. बॅच जॉबमध्ये फुटलं असेल तर डीएसपीजॉबलॉग (जॉबचा लॉग दाखवणारी कमांड) मारा, एफ१० दाबून सगळे मेसेज उघडा आणि मग पेज अप करत मागं जा.

आता ही एरर म्हणते काय, ते बघू. ग्रुप बाय म्हणजे सारख्या किमतीच्या ओळींचे गठ्ठे लावणं.

सिलेक्ट कस्टनो, ऑर्डतारीख, सम(रक्कम)
फ्रॉम ऑर्डहेडर
ग्रुप बाय कस्टनो

समजा टेबलावर बिलं पसरलीत आणि तुम्ही कस्टमरप्रमाणे गठ्ठे लावताय. १०४२ नंबरच्या कस्टमरची तीन बिलं आहेत, ५ जानेवारीचं ४,००० चं, १२ जानेवारीचं २,५०० चं आणि २ फेब्रुवारीचं ३,५०० चं. तिन्हीला रबर लावलं, वर चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीवर कस्टमर नंबर लिहिला, बेरीज १०,००० लिहिली, आणि आता कोणीतरी म्हणतंय की तारीख पण लिही. कुठली तारीख? गठ्ठ्यात तीन आहेत. मशीन नेमकं हेच विचारतंय, म्हणजे तुमचं व्याकरण चुकलं असं त्याचं म्हणणं नाही, प्रश्न अर्धवट विचारलाय असं म्हणणं आहे. मला तर हा या डेटाबेसचा मोठा गुण वाटतो. मायएसक्यूएल मध्ये ५.७.५ च्या आधी डिफॉल्टला अशी क्वेरी बिनबोभाट चालायची आणि गठ्ठ्यातली कुठलीतरी एक तारीख उचलून द्यायची. तिकडून आलेल्या लोकांना म्हणूनच इथं पहिल्या आठवड्यात त्रास होतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एरर घालवायला ज्या कॉलमचं नाव मेसेजमध्ये आलंय ते सरळ ग्रुप बाय मध्ये टाकून मोकळं व्हायचं. परत एंटर मारला की पुढच्या कॉलमचं नाव येतं, तेही टाकायचं, असं करत करत सात-आठ कॉलम ग्रुप बाय मध्ये जातात, एरर जाते, रिपोर्ट येतो आणि सगळे खूश. पण आता गठ्ठेच बदलले ना! वरच्या उदाहरणात ऑर्डतारीख ग्रुप बाय मध्ये घातली की १०४२ ची एक ओळ यायच्या ऐवजी तीन येतात, ४,०००, २,५०० आणि ३,५००. एकूण बेरीज तीच राहते, त्यामुळं कोणाच्या लक्षातही येत नाही, पण "दहा हजार किंवा जास्त घेणारे कस्टमर" असा हॅविंग (गठ्ठ्यांवरची अट) खाली लावला असेल तर हा माणूस यादीतून गायब होतो. मी स्वतः सुरुवातीला असा रिपोर्ट देऊन बसलो होतो, आणि नंतर मोठ्या कस्टमरांना जाणारी सवलत दोघा-तिघांना गेलीच नाही हे कळल्यावर खूप वाईट वाटलं होतं. एरर आली असती तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं.

म्हणून कीबोर्डला हात लावायच्या आधी एक वाक्य मराठीत लिहा, "उत्तरातली एक ओळ म्हणजे एक अमुक". एक ओळ म्हणजे एक कस्टमर. किंवा एक कस्टमर आणि एक महिना. किंवा एक गोदाम आणि एक आयटम. ते अमुक जे असेल तेच ग्रुप बाय मध्ये जातं, बाकी प्रत्येक कॉलमला "गठ्ठ्यातल्या अनेकांतून एक कसा काढू" याचं उत्तर तुम्ही द्यायचं, सम, मिन, मॅक्स, काउंट, ॲव्हरेज यातलं काहीतरी. उत्तर देता येत नसेल तर तो कॉलम त्या क्वेरीत नकोच.

शेवटची तारीख हवी असेल तर मॅक्स(ऑर्डतारीख), झालं काम. पण लगेच पुढं मागणी येते की त्या शेवटच्या ऑर्डरचा नंबर पण दाखवा, आणि मग कोणीतरी मॅक्स(ऑर्डनो) लिहितं. इथं सांभाळा, कारण मॅक्स तारीख एका ओळीतून आणि मॅक्स नंबर दुसऱ्याच ओळीतून येऊ शकतो. मशीनला त्यांचा एकमेकांशी संबंध माहीत नाही. मागच्या तारखेची ऑर्डर उशिरा पंच झाली की तिचा नंबर मोठा आणि तारीख जुनी, आणि तुम्ही दाखवलेली जोडी फाइलमध्ये कुठंच नसते. अशा वेळी ग्रुप बाय सोडून द्या आणि ओळींना नंबर लावा, ही सोय व्ही५आर४ पासून आहे:

विथ एक्स एज (
सिलेक्ट कस्टनो, ऑर्डनो, ऑर्डतारीख, रक्कम,
रो_नंबर() ओव्हर(पार्टिशन बाय कस्टनो ऑर्डर बाय ऑर्डतारीख डेस्क, ऑर्डनो डेस्क) एज क्रम
फ्रॉम ऑर्डहेडर)
सिलेक्ट * फ्रॉम एक्स व्हेअर क्रम = १

कस्टमरचं नाव हा वेगळा विषय. एका नंबरला एकच नाव, मग नाव ग्रुप बाय मध्ये टाकायला काय हरकत आहे? काही हरकत नाही, जर ते कस्टमर मास्टर मधून येत असेल आणि कस्टनो तिथली युनिक की असेल. पोस्टग्रेसक्यूएल ९.१ पासून प्रायमरी की ग्रुप बाय मध्ये असली की बाकीचे कॉलम तसेच चालवून घेतं, डीबी२ फॉर आय (आपल्या मशीनवरचा डेटाबेस) घेत नाही, नाव लिहावंच लागतं. पण खूप जुन्या सिस्टिममध्ये ऑर्डर हेडरमध्येच नावाची कॉपी ठेवलेली असते, ऑर्डर घेताना जे होतं ते. मग पुढं कस्टमरनं नाव बदललं, किंवा कोणी "अँड कंपनी" चं "ॲण्ड कं." केलं, की एका कस्टमरचे दोन गठ्ठे झाले. खात्री करायची एक छोटी क्वेरी आहे, ती मी नेहमी आधी मारून बघतो:

सिलेक्ट कस्टनो, काउंट(डिस्टिंक्ट कस्टनेम)
फ्रॉम ऑर्डहेडर
ग्रुप बाय कस्टनो
हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट कस्टनेम) > १

एकही ओळ आली नाही तर बिनधास्त नाव ग्रुप बाय मध्ये घाला. ओळी आल्या तर नाव मास्टरमधून आणा.

आता महिन्याचं. या मशीनवर तारीख खऱ्या डेट टाइपमध्ये असेलच असं नाही, जुन्या डीडीएस (फाइलची रचना लिहायची जुनी पद्धत) फाइलमध्ये ती आठ आकडी पॅक्ड नंबर (एका बाइटमध्ये दोन आकडे बसवलेला) असते, २०२४०१०५ अशी. महिनावार बेरीज हवी म्हणून लोक लिहितात ऑर्डतारीख / १००, सिलेक्टमध्ये पण आणि ग्रुप बाय मध्ये पण. एरर येत नाही. पण उत्तरात महिन्याला एक ओळ यायच्या ऐवजी दिवसाला एक येते! कारण डेसिमल भागिले १०० केलं की २०२४०१.०५ येतं, पॉइंटच्या पुढचा दिवस तसाच राहतो, कापला जात नाही. इंट(ऑर्डतारीख / १००) लिहा, मग २०२४०१ येईल आणि गठ्ठे बरोबर लागतील.

आणि मग ते लांबलचक एक्स्प्रेशन दोनदा लिहायचा कंटाळा येतो म्हणून सिलेक्टमध्ये एज महिना असं नाव देऊन खाली ग्रुप बाय महिना लिहिलं जातं. डीबी२ फॉर आय ला हे चालत नाही, एसक्यूएल०२०६ येतो, कॉलम सापडत नाही म्हणून. सिलेक्टमध्ये दिलेलं नाव ऑर्डर बाय मध्ये चालतं, ग्रुप बाय मध्ये नाही, कारण ग्रुपिंग आधी होतं आणि सिलेक्टची यादी नंतर बनते, तेव्हा ते नाव जन्मालाच आलेलं नसतं. यात एक फसवी गोष्ट आहे, फाइलमध्ये योगायोगानं त्याच नावाचं फील्ड असेल तर ग्रुप बाय त्या फील्डला धरतो आणि तुम्हाला परत ०१२२ मिळतो, आणि माणूस म्हणतो की अरे मी तर महिना ग्रुप बाय मध्ये टाकलाय की! अशा वेळी डीएसपीएफएफडी मारून फाइलची फील्ड बघा, किंवा क्यूसिस२ लायब्ररीतल्या सिसकॉलम्स व्ह्यूवर क्वेरी मारा.

एक्स्प्रेशन दोन्हीकडं हुबेहूब सारखंच लागतं हेही लक्षात ठेवा. वर सबस्ट्र(आयटम, १, ३) आणि खाली सबस्ट्र(आयटम, १, ४) असेल तर ०१२२ येणारच, आणि डोळ्याला तो एक आकडा पटकन दिसत नाही. मी म्हणून सरळ विथ वापरतो, एक्स्प्रेशन एकदाच लिहायचं, त्याला नाव द्यायचं आणि बाहेर त्या नावावर ग्रुप करायचं:

विथ टी एज (
सिलेक्ट इंट(ऑर्डतारीख / १००) एज महिना, रक्कम
फ्रॉम ऑर्डहेडर)
सिलेक्ट महिना, सम(रक्कम), काउंट(*)
फ्रॉम टी
ग्रुप बाय महिना
ऑर्डर बाय महिना

याचा अजून एक मोठा फायदा, आणि हा मुद्दा नीट वाचा कारण यात अख्खा दिवस जाऊ शकतो. क्वेरी एसटीआरएसक्यूएल मध्ये चालते, एसीएस मध्ये चालते, पण प्रोग्रॅममधून, जावातून म्हणा किंवा आरपीजीत (या मशीनवरची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) प्रिपेअर करून म्हणा, फुटते, एसक्यूएल०१२२. क्वेरी अक्षरशः तीच! फरक एवढाच असतो की हातानं मारताना आपण सबस्ट्र(आयटम, १, ३) लिहिलेलं असतं आणि प्रोग्रॅममध्ये ३ च्या जागी प्रश्नचिन्ह असतं, सिलेक्टमध्ये एक आणि ग्रुप बाय मध्ये एक. आपल्याला माहितीये की दोन्हीत आपण ३ च भरणार आहोत. पण प्रिपेअर होताना मशीनला ते माहीत नसतं, एकात ३ आणि दुसऱ्यात ४ पण येऊ शकतो, त्यामुळं त्याच्या दृष्टीनं ती दोन वेगळी एक्स्प्रेशन्स आणि वरचं खालच्याशी जुळत नाही. इथं मेसेज कितीही वेळा वाचला तरी लक्षात येत नाही कारण मेसेजप्रमाणे सगळं बरोबर दिसतं. उपाय तोच, एक्स्प्रेशन विथच्या आत एकदाच, प्रश्नचिन्ह एकच, बाहेर नावावर ग्रुप बाय.

आरपीजीचा विषय निघालाय तर, स्टॅटिक एसक्यूएल (क्वेरी प्रोग्रॅममध्येच पक्की लिहिलेली) असेल तर ग्रुपिंगची चूक कंपाइलच्या वेळी सीआरटीएसक्यूएलआरपीजीआय या कंपाइल कमांडच्या स्पूलमध्ये (प्रिंट आउटपुटमध्ये) शेवटी मेसेजच्या यादीत दिसते, तिथं बघा. डायनॅमिक (क्वेरी चालताना बनवलेली) असेल तर ती रन टाइमलाच कळणार, आणि प्रोग्रॅममध्ये एसक्यूएलकोड तपासला नसेल तर तेही कळत नाही, प्रोग्रॅम पुढं जातो आणि व्हेरिएबलमध्ये जी जुनी किंमत पडलेली असेल तीच छापतो. प्रिपेअर आणि ओपन नंतर एसक्यूएलकोड बघितलाच पाहिजे, याला पर्याय नाही.

भावंडं असलेल्या बाकीच्या एरर पटकन सांगतो. व्हेअर मध्ये सम लिहिला की एसक्यूएल०१२०, कारण व्हेअर गठ्ठे लागायच्या आधी चालतो, तेव्हा बेरीजच झालेली नसते, ती अट हॅविंग मध्ये न्या. हॅविंग मध्ये ग्रुप नसलेला साधा कॉलम लिहिला की एसक्यूएल०११९, ती अट वर व्हेअर मध्ये न्या, आणि तसंही ओळी जितक्या लवकर गाळाल तितकं मशीनचं काम कमी. मॅक्स(सम(रक्कम)) असं एकात एक लिहिलं की एसक्यूएल०११२, आतली बेरीज विथमध्ये करा आणि बाहेर मॅक्स घ्या. आणि ग्रुप बाय अजिबात न लिहिता एका कॉलमशेजारी सम लिहिला तरी ०१२२ च येतो, कारण मग सगळी फाइल म्हणजेच एक गठ्ठा.

आता एरर न देणारे प्रकार, आणि माझ्या मते जास्त धोका इथंच आहे. ऑर्डर हेडरमध्ये भाडं आहे, ३०० रुपये, एका ऑर्डरला एकदाच. डिटेलमध्ये पाच आयटम. दोन्ही जॉइन करून सम(भाडं) घेतला की १,५०० येतात, कारण जॉइननंतर हेडरची ओळ पाच वेळा आली. एका महिन्याच्या अखेरीला आमच्याकडं भाड्याचा आकडा असाच फुगला होता, अकाउंट्समधल्या ताईंनी ट्रान्स्पोर्टची खरी बिलं शेजारी ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. आयटमची रक्कम मात्र बरोबर होती, म्हणून अर्ध्या रिपोर्टवर सगळ्यांचा विश्वास बसला होता. यावर सम(डिस्टिंक्ट भाडं) करू नका, दोन ऑर्डरचं भाडं ३०० च असेल तर ते एकदाच धरलं जाईल, म्हणजे आकडा आता उलट बाजूनं चुकला. डिटेलची बेरीज आधी ऑर्डरप्रमाणे करून घ्या, मग जॉइन करा, म्हणजे एका ऑर्डरला दोन्ही बाजूनं एकच ओळ राहते:

विथ डी एज (
सिलेक्ट ऑर्डनो, सम(रक्कम) एज माल
फ्रॉम ऑर्डडिटेल
ग्रुप बाय ऑर्डनो)
सिलेक्ट एच.कस्टनो, सम(डी.माल), सम(एच.भाडं)
फ्रॉम ऑर्डहेडर एच
जॉइन डी ऑन डी.ऑर्डनो = एच.ऑर्डनो
ग्रुप बाय एच.कस्टनो

लेफ्ट जॉइनमध्ये ज्या कस्टमरची एकही ऑर्डर नाही त्याच्यापुढं काउंट(*) १ दाखवतो, कारण ओळ तर आहे, फक्त उजवी बाजू नल (किंमतच नसलेली) आहे. काउंट(एच.ऑर्डनो) लिहा म्हणजे शून्य येईल. आणि सम नल येतो तो कोअलेस(सम(रक्कम), ०) नं झाका. ६.१ पासून आलेला रोलअप (गठ्ठ्यांखाली टोटलच्या ओळी देणारा) वापरत असाल तर टोटलच्या ओळीत ग्रुपचा कॉलम नल दिसतो, तो डेटातला नल नाही, फरक करायला ग्रुपिंग() फंक्शन आहे.

गावाची नावं मिक्स असतील, एकीकडं कॅपिटलमध्ये आणि एकीकडं स्मॉलमध्ये पुणे, तर नेहमीच्या हेक्स सॉर्टवर ते दोन गठ्ठे होतात. अप्पर(शहर) वर ग्रुप करा, किंवा सेशनचा सॉर्ट सिक्वेन्स लँगआयडीएसएचआर करा, मग लहान-मोठं अक्षर एकच धरलं जातं. पण हे दुसरं केलं तर टीमला सांगा, कारण तीच क्वेरी दुसऱ्याच्या सेशनमध्ये वेगळ्या ओळी देईल आणि दोघं आपापल्या जागी बरोबर असतील. शब्दामागच्या रिकाम्या जागेनं फरक पडत नाही, पुढच्या रिकाम्या जागेनं पडतो.

आणि एक जुनं दुखणं. ग्रुप बाय बरोबर, कॉलम बरोबर, तरी सम घेताना एसक्यूएल०८०२, किंवा एसटीआरएसक्यूएल मध्ये आकड्याच्या जागी अधिकची चिन्हं ओळीनं. ही ग्रुपिंगची चूक नाही, फाइलमध्ये आकड्याच्या जागी कचरा आहे. हे मशीन १९८८ चं, त्याचा डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बसवलेला आणि ती कल्पना तर त्याच्याही आधीच्या, १९७८ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३८ ची, त्यामुळं तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमनं लिहिलेल्या फाइल आजही जशाच्या तशा चालू असतात. डीडीएसनं बनवलेली फाइल लिहिताना आकडा तपासत नाही, वाचताना तपासते. एसक्यूएलनं क्रिएट टेबल करून बनवलेली फाइल लिहितानाच अडवते. म्हणून जुन्या फाइलमध्ये कधीतरी कोणी न तपासता कॉपी केलेल्या ओळी वर्षानुवर्षं शांत पडून राहतात, आणि तुमचा सम तिथं पोचला की फुटतो. शोधायला:

सिलेक्ट आरआरएन(ए), हेक्स(रक्कम)
फ्रॉम ऑर्डहेडर ए
व्हेअर राइट(हेक्स(रक्कम), १) नॉट इन ('एफ', 'डी', 'सी')

पॅक्ड फील्डमध्ये शेवटचं अर्ध बाइट हे चिन्हाचं असतं, तिथं साधारणपणे एफ किंवा डी दिसायला हवं. ४०४०४०४० असं दिसलं तर ओळखा की तिथं ब्लँक भरलेत, कारण एब्सिडिकमध्ये (या मशीनच्या अक्षरांच्या कोडमध्ये) रिकाम्या जागेचा कोड ४० आहे. हातातला आरआरएन (फाइलमधला त्या ओळीचा नंबर) घेऊन ती ओळ ज्याची फाइल आहे त्याला दाखवा आणि दुरुस्त करून घ्या, क्वेरीत व्हेअर लावून ती ओळ गपचूप गाळू नका, कारण त्या ओळीत खरी ऑर्डर असू शकते.

शेवटी, रिपोर्ट कोणाला पाठवायच्या आधी दोन आकडे जुळवा. त्याच व्हेअरसह, जॉइन आणि ग्रुप बाय न लावता मूळ फाइलवर सम(रक्कम) आणि काउंट(*) काढा, मग तुमच्या ग्रुप केलेल्या ओळींची बेरीज काढा. पैसे जुळले आणि काउंट जुळला नाही तर जॉइन बघा. पैसेच जास्त आले तर जॉइननं ओळी वाढवल्यात, कमी आले तर इनर जॉइननं कोणीतरी गाळलंय, त्याला लेफ्ट करून नल कुठं येतात ते बघा, तिथंच ते हरवलेले कस्टमर सापडतील.